सर हातावर बसायचे

आमचे सर हातावर बसायचे. खुर्ची असो, पाट असो नाहीतर ओट्याजवळचं स्टूल असो, समोरचा माणूस काही करायला लागला की सर दोन्ही तळवे मांडीखाली घालायचे आणि त्यावर गच्च बसायचे. मान पुढे, डोळे त्या माणसाच्या हातांवर, ओठ आत ओढलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गड्याला थंडी वाजते. सुरतेत, मे महिन्यात!

मी विचारलं, "सर, हात दुखतात का?"

"नाही काका. हात मधेमधे बोलतात. म्हणून दाबून ठेवलेत."

असा माणूस. परभणीकडचे. पलसाण्याच्या रस्त्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात सॉफ्टवेअर शिकवायचे. मी चौथी शिकलेला, सारा जन्म मिलमध्ये रंगाच्या मशीनवर गेला. सॉफ्टवेअर म्हणजे काय ते मला आजही विचारू नका. पण सर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले आणि खाली आमच्या खानावळीत जेवले, त्यामुळे माणूस मला ठाऊक आहे. आमच्या म्हणजे हिच्या. खानावळ हिची होती, मी फक्त घरमालकासारखा दारात बसायचो.

ही गेली. तिच्यावर लिहायला बसलो की कागद तसाच राहतो. सरांचं आठवायला लागलो की ही बाजूच्या दारानं आपोआप आत येते. म्हणून सरांचंच लिहितो.

सरांचा एकच सवाल होता, आणि तो ते कुणालाही करायचे. "शेवटी काय करता येईल?"

झालं असं होतं की कॉलेजांमध्ये एक नवी पद्धत आली होती. आधी मास्तरांनी लिहून द्यायचं असायचं की मी काय शिकवणार. आता लिहून द्यायचं की हा विषय संपल्यावर पोराला काय करता येईल. वर्षाच्या शेवटी किती पोरांना ते खरंच आलं त्याची टक्केवारी काढायची आणि वर पाठवायची. सरांनी मला हे जेवताना समजावलं. मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की."

"फार चांगलं आहे काका. पण लोक ते लिहितात."

"मग?"

"फक्त लिहितात."

बाकीचे मास्तर गेल्या वर्षीच्या तक्त्यावर नवीन साल टाकून मोकळे व्हायचे. सगळं कॉलेज तो तक्ता भरत होतं. सर एकटेच तो खरा मानत होते. एवढाच त्यांचा वेडेपणा. पण एवढा पुरतो.

सोसायटीच्या गणपतीत एक पाहुणे भाषणाला आले होते. संस्कृती, तरुण पिढी, असं बराच वेळ चाललं. सर पहिल्या रांगेत. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या आणि सरांनी हात वर केला. "साहेब, हे भाषण ऐकल्यावर आता आम्हाला काय करता येईल?" पाहुणे म्हणाले, "म्हणजे?" सर म्हणाले, "म्हणजे आधी येत नव्हतं आणि आता येतं असं काय?" पाहुण्यांनी आरतीचं ताट मागवलं. पुढच्या वर्षीपासून मंडळवाले सरांना प्रसाद वाटायच्या कामाला लावायचे, मागच्या बाजूला.

हिनं एकदा विचारलं, "सर, लगीन काबर नही करं तुम्ही?" ही घरात अहिराणीच बोलायची आणि समोरच्यालाही ती येते असं धरून चालायची.

सर म्हणाले, "काकू, लग्नाच्या शेवटी मला काय करता यायला पाहिजे हे कुणी सांगेना."

"आयकता येवाले जोयजे," ही म्हणाली. "बस, बाकी काही नही."

सर जेवायचे थांबले. मग म्हणाले, "ऐकता यायला पाहिजे. हे लिहून घेतो." ही पदर तोंडाला लावून हसली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

भाकरीवरून आठवलं. सरांना हिच्याकडून भाकरी शिकायची होती. अट त्यांचीच की काकूंनी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. काकूंनी पण हातावर बसायचं. ही बसली बिचारी. सरांची भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर कशीबशी पडली आणि एका कडेनं धूर यायला लागला. हिचे खांदे नुसते हलत होते. शेवटी "ओ माय, जयी गई ना ती!" म्हणत ही उठली आणि नुसत्या बोटांनी भाकरी उलटवून टाकली.

"काकू, हात!"

"मन्हा हात ऱ्हात नही सर. काय करू?"

खरंच राहायचे नाहीत. साऱ्या संसारात मी कधी चहा ठेवला नाही. ठेवायला गेलो की "सरका" म्हणायची. मी सरकायचो. त्या दिवशी सर जळकी भाकरी खात मला म्हणाले, "काका, काकू माहेरी गेल्या तर तुम्हाला काय करता येतं?"

मी म्हटलं, "खानावळीत जेवता येतं."

"खानावळ कुणाची?"

"हिचीच."

आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आता खानावळीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. आमचं घर बमरोली रस्त्याच्या आत. आजूबाजूला मिला आणि लूमची खाती, म्हणजे मागांचे कारखाने. जेवायला येणारे सगळे आपल्याकडचे, धुळे, नंदुरबार, साक्री, काही जळगावचे. कुणी दिवसपाळी, कुणी रातपाळी, आणि पाळी कधी बदलेल त्याचा नेम नाही. रोज किती जणांचं पीठ मळायचं? हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हिनं भिंतीला एक लांब फळी ठोकून घेतली होती. प्रत्येक मेंबरचा स्वतःचा स्टीलचा गिलास, त्यावर रंगाची खूण. कामाला जाताना ज्याला संध्याकाळी जेवायला यायचंय त्यानं आपला गिलास उताणा ठेवायचा. यायचं नसेल तर पालथा. ही एकदा फळीवरून नजर फिरवायची आणि परातीत पीठ ओतायची.

सरांनी ती फळी पाहिली आणि गिलासांसमोर उभेच राहिले. जेवण गार झालं. ते म्हणाले, "काकू, माझी पोरं तुमच्याकडे आणू का?"

ही म्हणाली, "किती? भात वाढवू का?"

फळी फार हुशारीची होती असं मात्र नाही. एखादा गडी मिलमधूनच परस्पर गावाला निघून जायचा आणि गिलास राहायचा उताणा. मग भाकरी उरायच्या. एखाद्याची पाळी मधेच बदलली की तो हिला फोन करायचा, आणि हिचे हात पिठात. मी उचलायचो आणि निरोप द्यायचं विसरायचो. सरांना नेमकं तेच हवं होतं. ते आपल्या पोरांना म्हणाले, या बाईंसाठी फोनवर चालेल असं काहीतरी करा. आणि शेवटी काय यायला हवं ते एकच. बाईंना ते एकटीनं, कुणी न सांगता वापरता आलं पाहिजे. आलं तर तुम्हाला विषय आला. नाही आलं तर तुम्हालाच आला नाही, बाईंना नाही.

पोरं म्हणजे कुणी वराछ्याचं, कुणी उधन्याचं, एक बिहारी. बुटांसकट आत यायची, हिनं दोनदा ओरडल्यावर सुधारली. सरांचा एक नियम होता, 'समजलं' म्हणायचं नाही. समजलं की नाही ते कुणाला दिसतं? करून दाखवा. ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल त्यानं त्या दिवशीची भांडी घासायची. एका पोराला भांडी घासताना सर राख कशी लावायची ते सांगायला लागले, तर तो पटकन म्हणाला, "समझ गया सर." त्याला दुसऱ्या दिवशीचीही घासावी लागली. हिची त्या काळात मजा होती. इंजिनिअर होणारी पोरं हिची पातेली घासत होती.

पहिलं जे आणलं ते सगळं इंग्रजीत. ही फोन हातात धरून बसली. एक पोरगा पुढे वाकला, "काकी, अहीं दबावो..." सरांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा मागे सरला. सर हातावर. ही फोनकडे बघतेय, आम्ही हिच्याकडे. शेवटी हिनं फोन खाली ठेवला आणि विचारलं, "चहा टाकू का?" सर उठले. "पुन्हा करा," म्हणाले.

त्यानंतर किती वेळा पुन्हा केलं कुणास ठाऊक. मग एक पोरगी होती, केसात पेन खोचून फिरायची, तिनं एका दिवशी फोन हिच्यासमोर धरला. त्यावर फळी होती. फळीवर गिलास, त्याच रंगांच्या खुणा, काही उताणे, काही पालथे. मेंबरनं आपल्या फोनवर आपला गिलास फिरवला की हिच्या फोनवर फिरायचा. ही म्हणाली, "हाऊ ते मन्हा गिलास शे!" आणि कुणी न सांगता बोट लावून मोजायला लागली. मी सरांकडे पाहिलं. हात मांडीखालीच होते, पण माणूस रडत होता. नाक पुसायला सुद्धा हात काढला नाही.

एवढं चांगलं चाललं होतं. पण सरांच्या पोरांची टक्केवारी बाकीच्यांपेक्षा फार कमी यायची, कारण सर ज्याला आलं त्यालाच 'आलं' लिहायचे. आणि कॉलेज तपासायला बाहेरून समिती यायची होती. तिनं दर्जा दिला तर कॉलेज चालणार, नाही दिला तर पोरं दुसरीकडे जाणार.

एका रविवारी सरांचे हेडसाहेब घरी आले. गुजराती, शांत माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या खात्यातले सगळे त्यांच्या भरवशावर होते. सरांना म्हणाले, "सर, एक शीट छे, बीजुं कंई नथी. भरी दो ने."

"खोटं भरू?"

"सर, तमे समजता नथी."

आत ही हळूच म्हणाली, "भांडी घासा लावा त्यासले." मी हिच्यावर डोळे वटारले.

सर म्हणाले, "साहेब, मग तक्त्यात खरं लिहा. या कॉलेजच्या शेवटी काय करता येईल? तक्ता भरता येईल."

हिनं ताट वाढलं, ते जेवले. जेवताना त्यांची नजर फळीवर गेली, हिच्या फोनवर गेली, आणि त्यांनीच तोड काढली. समितीसमोर काकूंना आणा. पोरांनी बनवलेलं काकू स्वतः चालवून दाखवतील. ते बघून समिती खूश झाली तर तुमची टक्केवारी कुणी उकरणार नाही. तुमचीही नोकरी राहील, तुमची पद्धतही राहील. मग हिच्याकडे वळून हात जोडले. "बेन, अब सब आपके हाथ में है."

सर आनंदानं तयार झाले. पण ते वाक्य हिच्या डोक्यात बसलं. सब आपके हाथ में है.

तेव्हा त्या पोरांनी त्यात नवीन भर घातली होती. आजची भाजी कुठली ते सगळ्या मेंबरांना कळवायचं, वांग्याचं चित्र, बटाट्याचं चित्र. एखाद्या दिवशी खानावळ बंद असली तर पालथ्या पातेल्याचं चित्र. हिला ते नीट जमत होतं. बघून जमत होतं. पण सरांची नोकरी आपल्या बोटावर आहे म्हटल्यावर हिला बघण्यावर भरवसा राहिला नाही. हिनं त्या पेनवाल्या पोरीला गुपचूप बोलावलं, तिला लाडू खायला घातला आणि विचारलं, कशानंतर काय दाबायचं ते फक्त सांग. पोरीनं सांगितलं. मग ही पाठ करायला लागली. कणीक मळताना, "डावं, मधलं, खालचं." तवा पुसताना, "डावं, मधलं, खालचं." देवापुढे दिवा लावताना ओठ हलायचे, मला वाटायचं स्तोत्र म्हणते.

मी म्हटलं, "अगं, तुला तर येतं ते."

"चुकाले नही जोयजे," म्हणाली. "सरना सवाल शे."

सरांना यातलं काही माहीत नव्हतं.

त्या दिवशी हिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मी सोबत गेलो. थंडगार खोली, लांब टेबल, समितीचे साहेब लोक, भिंतीला खेटून पोरं. हिला मधे खुर्ची दिली. सर समोर बसले आणि हात मांडीखाली घातले. फोन हिचाच, मेंबर खरे. सरांनी बजावलं होतं, खोटी माणसं नकोत. त्या दिवशीची वांग्याची भाजी मेंबरांना कळवून दाखवायची होती.

हिनं फोन घेतला आणि माझ्या लक्षात आलं, ही बघतच नाहीये. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत. डावं. मधलं. खालचं.

आदल्या दिवशी पोरांनी, साहेब येणार म्हणून, सगळं आणखी सुबक केलं होतं आणि चित्रं जरा इकडची तिकडे हलवली होती. खाली आता वांगं नव्हतं. खाली पालथं पातेलं होतं, लाल, चांगलं मोठं. कुणीही पाहिलं असतं. हिनंही पाहिलं असतं, जर पाहिलं असतं तर.

सरांनी पाहिलं. मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना हिचे हलणारे ओठ दिसले आणि काय झालंय ते त्यांना तिथेच कळलं. तिचं बोट अजून वर होतं. एक शब्द पुरला असता. खुर्ची करकरली, एवढे ते हातांवर दाबून बसले. बोलले नाहीत.

हिनं दाबलं. सगळे गिलास पालथे झाले. सगळ्या मेंबरांच्या फोनवर गेलं की आज खानावळ बंद.

आणि फोन वाजायला लागला. हिनं घाबरून काहीतरी दाबलं तर आवाज खोलीभर. "काकू, जेवण बंद? काय झालं? काका गेले का?"

मी तिथेच बसलो होतो. "अरे, जिवंत आहे मी!" ओरडलो. समितीतले दोघं हसले. दुसरा फोन. तिसरा. हेडसाहेब म्हणाले, "साहेब, बेन घबरा गई, एक बार फिरसे..." समितीत एक वयस्कर साहेब होते, आवाज मवाळ. त्यांनी हात वर करून हेडसाहेबांना थांबवलं आणि सरांना मराठीतच विचारलं, "प्रोफेसर, काय धरायचं? आलं की नाही आलं?"

सरांनी हात बाहेर काढले. तळव्यांवर खुर्चीच्या जाळीचे वळ उठले होते.

"नाही आलं," सर म्हणाले. "लिहा."

ते वयस्कर साहेब रागावले नाहीत. उलट त्यांनी मान डोलावली. आणि तेच भोवलं. इथे एक माणूस 'नाही आलं' म्हणतो, मग बाकी सगळ्यांच्या पोरांना सगळंच कसं येतं, असं म्हणत त्यांनी एकेकाचे तक्ते मागवले. सगळं खातं दिवसभर घाम पुसत राहिलं. कॉलेजला दर्जा मिळाला, पण हलका. त्यानंतर सरांना वर्गावरून काढून परीक्षेच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवलं. सुट्टी लागली तेव्हा सांगितलं, पुढच्या वर्षी नको.

त्या दिवशी रिक्षात आम्ही तिघं होतो. ही बाहेर रस्त्याकडे तोंड करून. सर म्हणाले, "काकू, तुमचं काही चुकलं नाही. पोरांनी चित्रं हलवली."

"मी पाहंच नही सर," ही म्हणाली.

सर काही बोलले नाहीत. तुम्ही पाहायला हवं होतं, असं म्हणाले असते तर ही मोकळी झाली असती, मला माहीत आहे. ही शिव्या खाऊन मोकळी होणारी बाई होती. सरांना वाटलं, गप्प राहणं म्हणजे माया. संध्याकाळी निम्मे मेंबर बाहेर जेवून आले आणि निम्मे मला बघायला आले. मला दारात बसलेला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. सर मात्र वरूनच म्हणाले, भूक नाही.

खोली सोडून सर बारडोलीला गेले. साखर कारखान्याकडे एका दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास लावला. कधीमधी फोन यायचा. हिला विचारायचे, "काकू, फोनवरचे गिलास चालू आहेत का?" ही म्हणायची, "हो हो." नव्हते. त्या दिवसानंतर हिनं ते उघडलंच नाही. पुन्हा फळीवर आली. मेंबरांनी कुरकुर केली. मग मिला मंदावल्या, मेंबर कमी झाले आणि गेल्या पावसाळ्यानंतर हिच्या पोटाचं दुखणं निघालं.

दवाखान्यात पडून ही मला दोनच गोष्टी विचारायची. एक, जेवलात का? दुसरी तीच. "मन्हामुये सरनी नोकरी गई ना?" मी म्हणायचो, नाही गं, त्या कॉलेजचंच तसं होतं. ही माझं ऐकायची नाही. हिला ते सरांच्या तोंडून हवं होतं. आणि आणखी एक विचारायचं होतं, सर तेव्हा बोलले का नाहीत. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "पोरांची परीक्षा आहे, रविवारी नक्की येतो काका." ही गुरुवारी गेली.

सर अंत्ययात्रेला आले नाहीत, दहाव्याला आले नाहीत. मी म्हटलं, गेला तो पण. आमची पोरगी नवापूरला तिच्या सासरी चल म्हणत होती, मी गेलो नाही. शेजारून डबा येतो, खातो.

मग परवा, दुपारी, सर दारात. दाढी पांढरी झालेली, पायात दोन वेगळ्या चपला, ते त्यांचं आधीपासूनचं. वाईट झालं वगैरे काही बोलले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले, फळीसमोर उभे राहिले. गिलास सगळे पालथे, पोरीनं जाताना धुऊन ठेवलेले. मग ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, चहा करा."

मी म्हटलं, "मला येत नाही."

"करा."

आणि हात मांडीखाली.

मला राग आला. माणसाची बायको गेलीय आणि हा परीक्षा घेतोय. पण पातेलं घेतलं. शेजारच्या डब्यासोबत सकाळी दूध येतं, ते ओतलं. गॅस पेटवताना दोन काड्या वाया गेल्या. साखर कुठे? एक डबा उघडला, डाळ. दुसरा, पोहे. तिसऱ्यात शेंगदाण्याचं कूट, हिनंच कुटलेलं. मी ते झाकण धरून तसाच उभा राहिलो. सर बघत होते. काही सांगत नव्हते. सांगणार तरी काय, त्यांनाही कुठे माहीत होतं.

पाठ त्यांच्याकडे करूनच मी बोललो. "सर, ही शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्यामुळे सरांची नोकरी गेली. मी सांगून थकलो. तिला तुमच्याकडून ऐकायचं होतं. आणि तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, ते विचारायचं होतं. आता मीच विचारतो. बोट वर होतं तिचं. तुम्ही पाहिलं होतं. का नाही बोललात?"

मी कुटाच्या डब्यातच बघत होतो. हिच्या बोटांनी दाबून सपाट केलेलं होतं ते, बोटांच्या खुणा होत्या. मला बाकी काही दिसत नव्हतं.

"काका, बघा!"

मी दचकलो. दूध काठापर्यंत आलं होतं. सर स्टुलावरून अर्धे उठलेले, एक हात बाहेर, बोट पातेल्याकडे. मी गॅस बंद केला. थोडं ओट्यावर गेलंच.

सर तो हात तसाच हवेत धरून त्याच्याकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याचा आहे.

"एवढंच म्हणायचं होतं," ते म्हणाले. "काकू, बघा. मग त्यांना सगळं आलं असतं." जरा थांबून म्हणाले, "नियम मोडेल म्हणून नाही बोललो. माझा नियम. त्यांच्या चेहऱ्याकडे नाही पाहिलं मी, काका. मीही पाठच केलेलं म्हणत होतो."

मी कापडानं ओटा पुसला. साखर शेवटी चहाच्या पुडीमागे सापडली. चहा केला. फार वाईट झाला, पाणीच घालायचं राहिलं होतं, नुसतं दूध आणि वर पत्ती. सरांनी सगळा प्यायला. छान झाला असं म्हणाले नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "पाणी."

"आता माहीत झालं," मी म्हटलं.

"उद्या बघू."

म्हणजे काय ते मला कळलं नाही. सर उठले, हात धुतले, फळीपाशी गेले. त्यांचा गिलास तिथेच होता, कडेचा, निळ्या ठिपक्याचा. हिनं तो कधी कुणाला दिला नव्हता. सरांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि फळीवर उताणा ठेवला. मग चपला शोधत बाहेर गेले. बाजारात काम आहे म्हणाले, दिवेलागणीला येतो.

मी त्या एका गिलासाकडे बघत उभा राहिलो. मग वरच्या फळीवरचे डबे खाली घ्यायला लागलो. पीठ त्यातल्याच कुठल्यातरी डब्यात असणार.